काचघरातले दोघे

बुधवार, ४ सप्टेंबर १८७८
सकाळी पावणेसात

आदरणीय बाई,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी खडूची पूड आणि स्पिरिट लावून कोऱ्या काचा घासत होतो. फोटोच्या दुकानाचं टपाल पोस्टमन नेहमी मास्तरांच्या हातात देतो. आज मास्तर उठले नव्हते म्हणून वाचलो. पाकिटावरचं अक्षर बघितलं आणि हातातली काच निसटून फुटली. आवाजानं उठलेल्या मास्तरांना सांगितलं, मांजर आलं होतं. आमच्या दुकानात मांजर नाही, हे त्यांना अजून आठवलेलं नाही.

तुम्ही लिहिता की ज्या बंगल्यात तुम्ही म्हाताऱ्या बाईसाहेबांच्या सोबतीला नोकरीवर आहात, तिथल्या बागेतल्या काचघराच्या छपराला नव्या काचा बसवल्या, आणि त्यातल्या एका काचेवर आपण दोघं आहोत. तोच फोटो. तुमचं डोकं माझ्या खांद्यावर, केस मोकळे, हातात हात. आणि तुम्ही विचारता, ही काच मी विकली का.

नाही. शपथेवर सांगतो, नाही. जुन्या फोटोंच्या काचा मास्तर दर दोन-तीन वर्षांनी काचवाल्याला वजनावर विकतात. तो त्या धुऊन बागवाल्यांना देतो. धुतो म्हणजे बादलीत बुचकळतो, चित्र जसंच्या तसं राहतं. पण आपली काच त्या ढिगात कधीच नव्हती. ती माझ्या खाटेखाली घोंगडीत गुंडाळलेली असायची. जूनमध्ये मला ताप आला, आठवडाभर बहिणीकडे पडून होतो, तेवढ्यात मास्तरांनी खोली झाडून घेतली आणि खाटेखालचं सगळं ढिगात गेलं.

आता पुढचं नीट वाचा. काचेवरचं चित्र उलटं असतं. मागून उजेड आला की चेहरे काळे आणि केस पांढरे दिसतात. तशात तुम्हाला तुमच्या आईनंही ओळखलं नसतं. पण काचेमागे काळोख असला आणि उजेड समोरून पडला, की तेच चित्र सुलटं होतं. म्हणजे दिवसा धोका नाही. धोका संध्याकाळी आहे, आत दिवे लागतात आणि बाहेर अंधार पडतो तेव्हा.

स्पिरिटमध्ये भिजवलेलं फडकं थोडा वेळ धरलं की वरचं वॉर्निश सुटतं, मग थर पुसून निघतो. कोणी बघत नसताना करा. शिडीवर एकट्या चढू नका. (मग कसं करणार, ते मला सुचलेलं नाही.)

हे पत्र जाळा. राखही चुरगाळा, जळलेल्या कागदावर अक्षरं दिसतात.

आपला नम्र,
फोटोच्या दुकानातला


सोमवार, ९ सप्टेंबर

ससोबा,

'आदरणीय बाई'! वाचून आधी हसू आलं, मग तळपायाची आग मस्तकात गेली. एका रविवारी दुकान बंद असताना, 'दहा आकडे मोजेपर्यंत हलू नकोस' म्हणून माझं डोकं खांद्यावर कोणी ठेवून घेतलं होतं? आदरणीय बाईचं?

मास्तरांना ती काच गिऱ्हाइकाची ऑर्डर वाटली, त्यांनी छापून बाहेरच्या शोकेसमध्ये लावली. भर बाजाराच्या दिवशी. दुपारपर्यंत माझं ठरलेलं लग्न मोडलं, संध्याकाळपर्यंत बाबांनी ट्रंक भरली आणि मला मावशीकडे धाडलं. आणि तू बाबांना काय म्हणालास? 'मी यांना ओळखत नाही.' फोटोत माझा हात धरलेला, आणि म्हणे ओळखत नाही! बाबा रागावले होते, पण त्या उत्तरानं तेसुद्धा दोन क्षण गोंधळले.

असो. आता माझी अवस्था ऐक. मी इथे विधवा आहे. मावशी गेली, तेव्हा कुठेतरी राहणं भाग होतं, आणि लग्न न झालेल्या बाईला बापाच्या चिठ्ठीशिवाय असल्या घरात कोण ठेवतं? मग मीच एक नवरा उभा केला आणि मीच त्याला मारला. तापानं गेला. चांगला होता बिचारा.

बाईसाहेब ऐंशीच्या आहेत. जवळचं दिसत नाही, वर्तमानपत्र मीच वाचून दाखवते. पण लांबचं घारीसारखं दिसतं. फाटकातून कोण आलं ते माळीबुवांच्या आधी त्या सांगतात. रोज चार वाजता त्यांची खुर्ची पिंपातल्या संत्र्याच्या झाडांमध्ये लागते, आणि काच बरोबर त्यांच्या समोर, उतरत्या छपरात. तिथे माझा हात पोचत नाही आणि शिडी माळीबुवांच्या कुलपात असते. दिवे लावायची वेळ झाली की मी म्हणते, 'थंडी वाजेल, आत चला.' काल म्हणाल्या, 'रोज माझी थंडी तुलाच कशी गं वाजते?'

मी हसले. पण खोटं त्यांना अजिबात खपत नाही. स्वयंपाकीणबाईंना एका अंड्यावरून काढलं. अंडं गेलं म्हणून नव्हे, 'मी नाही घेतलं' म्हणाल्या म्हणून.

तू येऊ नकोस. नुसता उपाय सांग.

ठिणगी
(हे नाव तूच ठेवलं होतंस. विझले नाही, एवढ्यासाठी वापरते.)

ता. क. ती काच सहा वर्षं तुझ्या खाटेखाली होती, हे तू ताप आणि झाडू यांच्या मध्ये दडवून लिहिलंस. मी तेवढंच पुन्हा पुन्हा वाचलं.


शुक्रवार, १३ सप्टेंबर
दुपारी दीड, मास्तर जेवायला गेले आहेत

ठिणगीस,

तू 'तू' लिहिलंस म्हणून मीही लिहितो.

तुझ्या वडिलांसमोर मी जे बोललो त्याबद्दल या पत्रात एक परिच्छेद होता. चार कागद फाडले. चांगल्या अक्षरात लिहिलं तरी ते वाक्य चांगलं होत नाही. म्हणून उपायाकडे वळतो.

बागवाले उन्हाच्या दिवसांत काचघराच्या छपरावर बाहेरून चुना मारतात. तसा मारून घे. काचेमागे पांढरं आलं की चित्र सुलटं होणारच नाही, ना दिवसा, ना संध्याकाळी. फार तर डाग वाटेल. माळीबुवांना सांग, ऊन लागून संत्र्याची पानं करपताहेत. सप्टेंबरात हे पटेल का, अशी मला शंका आहे. तुला पटवता येईल, अशी खात्रीही आहे.

मला अलीकडे झोप लागत नाही. बाईसाहेबांनी तुला काढलं तर तू कुठे जाशील, हे मी मनात ठिकाणं घेऊन बघतो. तुझ्या बाबांचं दार बंद. मावशी नाही. तिसरं ठिकाण आठवत नाही, मग पुन्हा पहिल्यापासून.

मास्तर आले. थांबतो.

ससोबा
(हे नाव मला कधीच आवडलं नव्हतं. आज लिहिताना बरं वाटलं.)


शनिवार, २१ सप्टेंबर

ससोबा,

तुझ्या चुन्यानं घात केला.

माळीबुवांना पानांचं लगेच पटलं, उलट 'तुम्हाला बागेतलं कळतं हो' म्हणून शाबासकी मिळाली. परवा सकाळी चुना कालवला. बाईसाहेब बघायला आल्या आणि म्हणाल्या, 'एवढं पांढरंफेक नको, माझ्या डोळ्यांना टोचतं. रंग दाबून टाका.' माळीबुवांनी काय करावं? काचघर उबदार ठेवायच्या भट्टीच्या धुराड्यातली काजळी बादलीत ओतली आणि ढवळली. छप्पर काळंकुट्ट झालं. बाजूच्या भिंतींच्या काचा मात्र तशाच होत्या, सगळा उजेड तिकडून समोर पडत होता. तूच लिहिलं होतंस ना, मागे काळोख आणि पुढून उजेड? भर दुपारी, ससोबा. आपण दोघं आरशात दिसावं तसे छपरात बसलेलो.

चार वाजता खुर्ची लागली. मी वर बघितलं आणि हातातली शाल खाली पडली.

'अगं, वर कोण बसलंय?' बाईसाहेब म्हणाल्या.

'कुठे?'

'कुठे काय! ती तूच. हनुवटी तुझीच आहे. माळीबुवा, बघा हो.'

माळीबुवांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वर बघितलं. 'ताईच आहेत,' म्हणाले. 'जरा भरलेल्या होत्या तेव्हा.'

'आणि हा कोण?'

बाईसाहेब वाट बघत होत्या, आणि त्या वाट बघतात तेव्हा कारंज्याचं पाणीसुद्धा हळू पडतंय असं वाटतं. माझ्या तोंडून निघालं, 'माझे यजमान.'

'जे गेले ते?'

'हो.'

माळीबुवांनी डोक्यावरची टोपी काढली. बाईसाहेबांचे डोळे भरून आले. दीड वर्षात मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, 'माझ्याकडे माझ्या माणसाचा एकही फोटो नाही गं. आणि तुझा माझ्या छपरात सापडावा!' मग नाक पुसलं आणि हुकूम सोडला. काच अलगद उतरवायची, तिच्यावरून दोन फोटो छापून घ्यायचे, एक माझ्या खोलीत लावायचा आणि एक त्यांच्या. काचा कुठल्या दुकानातून आल्या ते माळीबुवांनी काचवाल्याकडून आधीच काढून ठेवलं होतं. तुमच्या मास्तरांना पत्र गेलंसुद्धा. माणूस मागवला आहे.

त्या आता माझ्याशी फार मायेनं वागतात. ते सोसत नाही. काल स्वतःच्या हातानं माझ्या पांघरुणावर दुसरं पांघरूण घातलं.

काहीही कर, पण तो माणूस तू असू नकोस.

ठिणगी


मंगळवार, २४ सप्टेंबर
सकाळी सहा, अंधाऱ्या खोलीत मेणबत्तीपाशी

ठिणगीस,

चूक माझी. काचेमागे काळा रंग लावला की चित्र सुलटं दिसतं, हे मला माहीत होतं. स्वस्तातले फोटो आम्ही तसेच करून देतो. चुना नुसताच मारा, त्यात काही कालवू नका, एवढी एक ओळ लिहायला हवी होती. मी राख चुरगाळायला सांगितलं आणि हे सांगायचं विसरलो.

पत्र मास्तरांनी मोठ्यानं वाचलं. म्हणाले, 'तूच जा.' मी म्हटलं, पोट दुखतंय. म्हणाले, 'गाडीत दुखू दे. चिकटवलेली काच न तडकवता उतरवणारा दुसरा हात माझ्याकडे नाही.' दुसऱ्या कोणाला पाठवायचं तर काच फुटण्याची भीती. फुटली तर बरंच, असंही मनात आलं. मग ती माझ्याच्यानं फुटणार नाही हेही कळलं.

त्या फोटोत मला मिशी नव्हती, आता आहे. म्हणून आधी वाटलं, वाचलो. मग आरशासमोर मिशीवर बोट आडवं धरून बघितलं. तोच. सहा वर्षांत माणूस इतका कमी बदलतो, हे बरं नाही.

एक विचार आहे. मी धाकटा भाऊ म्हणून आलो तर? चेहरा सारखा असण्याचं कारण मिळतं. आरशासमोर बोलून बघतो आहे. 'दादा फार चांगला होता.' एवढं म्हटलं की आरशाकडे पाठ फिरवतो, जसा काही खरंच मेलो आहे.

सोमवारी, तीस तारखेला, दुपारच्या गाडीनं पोचेन. तू त्या वेळी तिथे थांबू नकोस, असं सुचवतो.

ससोबा


गुरुवार, २६ सप्टेंबर

ससोबा,

भाऊ चालेल. मी पाया घालून ठेवला आहे. काल केस विंचरताना बाईसाहेबांना सहज सांगितलं, 'यांचा धाकटा भाऊ फोटोच्या दुकानात कामाला आहे, म्हणून तर तो फोटो काढला गेला.' त्या लगेच म्हणाल्या, 'मग तोच येऊ दे की.' म्हणजे सगळं जुळलं. तू जास्त बोलू नकोस. मला वहिनी म्हण. विचारलं तर 'हो' म्हण, नाहीतर मान खाली घाल. मेलेल्या भावाबद्दल कोणी फार खोदून विचारत नाही.

मी खुर्चीमागेच उभी असेन. न थांबले तर संशय येईल.

आता एक गोष्ट चेष्टा सोडून लिहिते. माझ्या खोलीला पूर्वेकडे खिडकी आहे. आतून कडी आहे. शेगडी आहे, आणि महिन्याला बारा रुपये मिळतात. मावशीकडे मी धान्याच्या कोठीत झोपत होते, आणि येणारे-जाणारे मला बघायला दारात उभे राहत. इथे मला कोणी बघत नाही. ही कडी, ही खिडकी, एवढंच माझं आहे. ते तुझ्या एका शब्दावर आहे.

गप्प राहणं तुला जमतं. या वेळी माझ्या बाजूनं गप्प राहा.

ठिणगी


मंगळवार, १ ऑक्टोबर
सकाळी नऊ, स्टेशनजवळची खाणावळ, जिन्याखालचं टेबल

ती. मास्तर यांस,

कृ. सा. न. वि. वि. काच सुखरूप उतरली. बाकी काही सुखरूप नाही. ही चिठ्ठी दुपारच्या टपालगाडीनं जाईल आणि आमची गाडी रात्रीची आहे. म्हणजे तुम्हाला रागवायला आणि विचार करायला एक संध्याकाळ मिळेल. 'आमची' का लिहिलं, ते पुढे आहे.

सहा वर्षांपूर्वी शोकेसमध्ये लावलेल्या फोटोवरून औषधवाल्यांच्या मुलीचं लग्न मोडलं होतं, हे तुम्हाला आठवत असेल. त्यानंतर तुम्ही फोटोतल्या मुलाला, म्हणजे मला, दोन कानफटात दिल्या आणि कामावरही ठेवलंत. बाईसाहेबांकडची काच तीच. त्यांच्याकडची विधवा ताई म्हणजे तीच मुलगी. ती विधवा नाही. फोटोतला मेलेला नवरा मी आहे.

मला धाकटा भाऊ व्हायचं होतं. सगळं ठरलं होतं. मी शिडीवर चढलो, काच चिकटवलेलं कडेचं लुकण तासलं, काच सुटली, छातीशी धरून खाली आलो. अंगावर काळा एप्रन होता, तुम्ही दिलेला. त्यावर काच धरली आणि आम्ही दोघं पुन्हा सुलटे दिसायला लागलो. ती खुर्चीमागे उभी होती. सहा वर्षांनी बघत होतो. तिच्या ओठांना रंग नव्हता आणि ती माझ्याकडे बघतही नव्हती, जमिनीकडे बघत होती. इतकी घाबरलेली मी तिला कधीच पाहिली नव्हती. फोटोच्या दिवशीही नाही, वडील आले त्या दिवशीही नाही. तेव्हा घाबरलो होतो तो मी.

बाईसाहेब फार मायेनं म्हणाल्या, 'भावाची आठवण येते का रे?'

'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर. मी म्हणालो, 'बाईसाहेब, तो मीच आहे.'

मास्तर, मी तिथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला अर्धवट सांगता येत नाही. मी म्हणालो, 'मला भाऊ नाही, एक बहीण आहे. मी मेलो नाही. आमचं लग्नही झालेलं नाही. यांची चूक नाही, यांना कोणी ठेवून घेतलं नसतं म्हणून यांनी तसं सांगितलं.' माळीबुवांनी हातातली टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली.

बाईसाहेब म्हणाल्या, 'म्हणजे दहा दिवस मी एका धडधाकट माणसासाठी रडले?'

'हो,' मी म्हणालो.

'दिवे लागायच्या आत दोघंही फाटकाबाहेर व्हा.' त्या रागानं ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. खुर्ची वळवायला सांगितली. या महिन्याचा पगार दिला नाही. फोटो छापायची ऑर्डर रद्द केली, आणि जाताना म्हणाल्या, 'ती काच घेऊन जा. तिच्या जागी साधी बसवा.' माळीबुवांनी ट्रंक फाटकापर्यंत आणली आणि तिच्या हातात दोन संत्री ठेवली.

टांग्यात ती माझ्या समोरच्या फळीवर बसली. मला वाटलं, आता ती मला गाडीखाली ढकलेल, आणि तेही योग्य होईल. स्टेशन दिसायला लागल्यावर म्हणाली, 'नुसतं हो म्हटलं असतंस, तर मी आत्ता माझ्या खोलीत असते.'

मी म्हटलं, 'हो.'

'आता बरं हो म्हणता येतं!'

मग बाहेर बघत म्हणाली, 'हेच बोलायला हवं होतं. पण बाबांसमोर. त्या दिवशी. आज कोणी मागितलं होतं?'

मी मांडीवरची काच नीट धरून बसलो.

खाणावळीच्या मालकानं वही उघडून विचारलं, 'तुम्ही एकमेकांचे कोण?' त्याच्यामागे दोन गिऱ्हाइकं कान देऊन उभी होती. मी म्हणालो, 'आमचं लग्न व्हायचं आहे.' मालकानं तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, 'हे मला आत्ताच कळतंय. दोन खोल्या द्या.' गिऱ्हाइकं हसली. ती हसली नाही. जिना चढून गेली आणि कडी लावल्याचा आवाज आला.

मी या टेबलापाशी बसून होतो. सकाळी ती निघून गेलेली असेल, अशी खात्रीच झाली होती. कुठे जाईल, ती ठिकाणं मी पुन्हा मोजली. या वेळी एकही निघालं नाही, आणि ते माझ्यामुळे. मास्तर, आजवर मी स्वतःसाठी भ्यायलो. दुसऱ्यासाठी भिणं फार जड असतं. त्यात पळून कुठे जावं तेही कळत नाही.

सात वाजता ती खाली आली. ट्रंक स्वतः उचलून आणली होती, मला हात लावू दिला नाही. समोरच्या स्टेशनवर तिकिटाच्या खिडकीपाशी गेली. मी लांबून बघत होतो, कुठलं गाव सांगते ते ऐकू आलं नाही. परत येऊन समोर बसली, संत्रं सोललं, अर्धं माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, 'हिशेब लिही. तुझे मास्तर मागतील. आणि मी सांगते तसा लिही.'

तो खाली लिहिला आहे. उद्या सकाळी आम्ही दाराशी येऊ. शेजारचे बघतील, जुनं सगळं पुन्हा निघेल, तुमच्या गिऱ्हाइकांवरही परिणाम होईल. तुम्ही दार उघडलं नाहीत तर मी समजून घेईन. पण या वेळी मी दारातून मागे फिरणार नाही, उघडेपर्यंत तिथेच उभा राहीन, एवढं आधी कळवतो.

आपला आज्ञाधारक,
काचा धुणारा

खर्च
जातानाचं तिकीट: १ रुपया ४ आणे
टांगा, जाऊन येऊन: १० आणे
लुकण आणि साधी काच, जागेवर बसवून दिली: ९ आणे
खाणावळ, दोन खोल्या: १ रुपया
परतीचं तिकीट, माझं: १ रुपया ४ आणे
परतीचं तिकीट, तिचं: तिनं स्वतःच्या पैशांनी घेतलं. गाडी तीच आहे. मी तिकीट बघितलं, म्हणून वर 'आमची' लिहिलं.

देणं
मास्तरांना, फोटोच्या काचेबद्दल: तुम्ही म्हणाल ते. काच मी विकत घेत आहे.
तिला, माझ्या बोलण्यामुळे बुडालेला एका महिन्याचा पगार: १२ रुपये. हे तिनं लिहायला लावलं. महिन्याला एक आणा या दरानं फेडायचे आहेत, म्हणजे सोळा वर्षं, त्याहून लवकर चालणार नाहीत, असं म्हणते.